त्रेपन्न दाते

अमरावतीच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं वाणिज्य शिकवलं. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. माझं लग्न टिकलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मी इथं सांगणार नाही. भाड्याची एक खोली होती, वर्ग होता, आणि फळ्यावर लिहून लिहून पांढरी झालेली बोटं होती.

एकदा बी.कॉम.च्या वर्गात ‘कॅपिटल गिअरिंग’ शिकवत होते. कंपनीचं स्वतःचं भांडवल किती, कर्ज किती, त्यांचं एकमेकांशी प्रमाण काय, ते सगळं फळ्यावर मांडलं. चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं येणारी एक पोरगी तिसऱ्या बाकावरून उठली.

“मॅडम, गिअर तं मशीनले राह्यते. पैशाले गिअर कोठून आला?”

वर्ग हसला. मीही हसले आणि पुस्तकातली व्याख्या पुन्हा वाचून दाखवली. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. माझंही झालं नव्हतं. लाज वेगळीच होती. माझे बाबा अकोल्याच्या जुन्या शहरात चाळीस वर्षं गिअर कापत आले होते. त्या गिअरांवर मी शिकले होते. आणि हे मी त्या कॉलेजात एकालाही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी दरवेळी ‘स्वतंत्र व्यवसाय’ लिहायचे. खोटं नव्हतं. पण लिहिताना पेन जरा घाईनं चालायचं, एवढं मला आठवतं.

रविवारी मूर्तिजापूरमार्गे बसनं अकोल्याला गेले. मोर्णेचा पूल ओलांडून गल्लीत शिरलं की आधी चाचांच्या लेथचा आवाज यायचा, मग आमचं दुकान. चाचा शेजारी लेथ चालवत. बाबांना लागणारं प्रत्येक गोल लोखंड तेच कातून द्यायचे, आणि बाबा त्याला दाते पाडायचे. दोघांनी मिळून अर्ध्या शहराच्या डाळ मिल आणि कापसाच्या जिनिंग चालू ठेवल्या होत्या. आमच्या दुकानात वर पत्रा, खाली एक मिलिंग मशीन माझ्यापेक्षा वयानं मोठं, आणि त्यावर डिव्हायडिंग हेड. म्हणजे गोल चकतीचे हवे तेवढे सारखे भाग पाडून देणारं यंत्र.

मी विचारलं, “बाबा, कर्जाले गिअर काऊन म्हनत असन?”

“मले काय विचारतं? मास्तरीन तू हायेस.”

पण ते उठले. कोपऱ्यातून दोन गिअर काढले, एक मोठा, एक लहान, आणि लाकडी फळीवर दोन खिळ्यांत बसवले. “मोठ्याले हात लाव. जरासा सरकव.”

मी मोठं चाक बोटभर सरकवलं. लहान चाक गर्रकन फिरलं.

“आता मांगं घे.”

मागं घेतलं. लहान चाक तितक्याच जोरात उलटं पळालं.

“पाह्यलं? तुह्या मोठ्या चाकानं जरासं पुढं केलं का हे लहान लय पुढं जाते. जरासं मांगं केलं का लय मांगं. गिअरले नफा-तोटा समजत नाई.”

अकरा वर्षं मी शिकवत असलेला धडा तेवढाच होता. धंदा म्हणजे मोठं चाक, मालकाच्या हाती उरणारं ते लहान चाक, आणि मधले दाते कर्जाचे. धंदा थोडा वर गेला की मालकाचं खूप वर, थोडा खाली आला की खूप खाली. मी त्या फळीकडं पाहत राहिले. मग म्हटलं, “हे मी घेऊन जाते.”

“ने. पन तेल पुसून ने, तुह्या साडीले लागन.”

सोमवारी ती फळी मी वर्गात टेबलावर ठेवली. एकेकाला बोलावलं, चाक फिरवायला लावलं. चांदूर रेल्वेवाली दोनदा येऊन गेली. वर्गात गलका झाला, आणि त्या गलक्यात विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, हे वर्कशॉप नाही.”

“सर, धडा गिअरिंगचाच आहे.”

“फायनान्सच्या गिअरिंगचा आहे. हे भंगार कशाला?”

मी म्हटलं, “सर, शब्द आपण यांच्याकडून उचललाय. यांनी आपल्याकडून नाही. आणि हे भंगार नाही. माझ्या वडिलांनी कापलेले गिअर आहेत.”

 विभागप्रमुख निघून गेले. मला आतून फार मोकळं वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या इमारतीत बाबांचं काम मोठ्यानं सांगितलं होतं.

पुढच्या जूनमध्ये यादीत माझं नाव नव्हतं. त्या फळीमुळेच, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कोणाची तरी सोय करायची असेल. मी विचारायला गेले नाही. लोक म्हणाले, जाऊन भेट, समजावून सांग, माफी मागितली तर काय बिघडतं. कशाची माफी मागायची, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येईना.

सामान टेम्पोत भरलं आणि अकोल्याला आले.

आल्यावर कळलं, ते बाबांनी फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. डिव्हायडिंग हेडच्या प्लेटवर बारीक भोकांची वर्तुळं असतात. दर दात्याला भोकं मोजून हँडल पुढं न्यायचं असतं. एक भोक चुकलं की पुढचे सगळे दाते चुकतात. चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बेटा, त्यायचे दोन जॉब भंगारात गेले. मी कोनाले बोललो नाई. पन तू आता आलीच हायेस तं पाह्य.”

मी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून हँडलजवळ स्टूल टाकून बसले. बाबा कटर लावायचे, मी भोकं मोजायची. महिनाभरात कटरही मी लावू लागले. गल्लीतल्या लोकांना करमणूक झाली. कोणी दारात थांबून पाहायचं. एकजण बाबांना म्हणाला, “मिस्त्री, पोरीच्या हाती मशीन देऊन राह्यले का?” बाबा म्हणाले, “तिच्या हातातून घेऊन तुमाले देऊ का?” तो गेला. पण बाबांनासुद्धा मी हे कायमचं करावं असं वाटत नव्हतं. जाहिरात दिसली की पेपर माझ्यापुढं सरकवायचे. मी तो घडी करून ग्रीसच्या डब्याखाली ठेवायची.

मग तो डाळ मिलचा गिअर आला.

तुरीचा हंगाम जोरात होता. एमआयडीसीतल्या एका मिलच्या मोठ्या रोलरचा गिअर फुटला. ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा गिअर, बीड फुटतं तसं तीन तुकडे झाले होते आणि मधला एक भाग चुरा होऊन गेला होता. मिलचे शेठजी स्वतः गाडीत घालून घेऊन आले, सोबत त्यांचा फिटर. बाहेरून मागवायचा तर तीन आठवडे लागणार होते आणि तोवर मिल बंद.

“मिस्त्री, सोबतचं लहान चाक, अठरा दात्यांची पिनियन आहे. तीनपट फिरते. म्हणजे चोपन्न दाते,” शेठजी म्हणाले.

फिटर म्हणाला, “मी मोजले. चोपन्नच हायेत.”

बाबा खाली बसले. तुकडे मांडीजवळ ओढून एकेक दाता बोटानं चाचपत मोजला. गेलेल्या भागाशी थांबले, वीत लावली, अंदाज घेतला. “चोपन्न,” म्हणाले.

ते गेल्यावर मी जमिनीवर खडूनं वर्तुळ काढलं, तुकडे त्यावर रचले आणि मोजले. मधल्या खड्ड्यात चार दाते बसत होते, पाच नाही. त्रेपन्न. पुन्हा मोजले. मग मध्यापासून दात्याच्या टोकापर्यंत माप घेतलं. एका दात्यामागं त्या गिअरचा व्यास सहा मिलिमीटर वाढायला हवा होता, आणि माप त्रेपन्नाचं येत होतं. दुपारी सिटी बसनं मिलमध्ये जाऊन दोन्ही शाफ्टांमधलं अंतर मोजून आले. तेही त्रेपन्नाचंच.

बाबांना सांगितलं. ते ऐकून घेईनात.

“अंतर काय, बेअरिंग सरकलं असन. दाते झिजले असन.”

“टोकापासून इतके झिजतात का बाबा?”

“चाळीस वर्षं झाली मले. त्रेपन्न कोन बनवते? तीनपट सरळ येते तं कोनी तीनाले जरासं कमीच्या भानगडीत काऊन पडन?”

याचं उत्तर मला रात्रभर सुचलं नाही, सकाळी त्या तुकड्यांकडं पाहताना सुचलं. झीज. सगळ्या दात्यांची झीज एकसारखी होती. अठराला चोपन्न लावले तर पिनियनचा एक दाता जन्मभर त्याच तीन दात्यांवर येऊन आदळत राहील. एखादा खराब असेल तर तो त्याच तिघांना खाईल. त्रेपन्न केले तर जोड्या बदलत राहतात. प्रत्येक दात्याची गाठ प्रत्येकाशी पडते आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. ज्यानं ते मशीन काढलं त्यानं मुद्दाम एक दाता कमी ठेवला होता.

मी हे बाबांना बोलून दाखवलं.  मग त्यांनी खरं कारण सांगितलं.

“बाई, त्रेपन्न होतच नाई आपल्या मशीनवर. आपल्या प्लेटीत तेवढ्या भोकांचं वर्तुळ नाई. चोपन्न सत्तावीसच्या वर्तुळावर निघते. त्रेपन्नले भागच जात नाई कशानं.”

ते खरं होतं. आणि म्हणूनच मला राग आला. आपल्याकडं सोय नाही म्हणून गिअरनं आपले दाते बदलायचे?

“मग प्लेट बनवू.”

“त्रेपन्न सारखी भोकं पाडाले त्रेपन्न भाग पाडनारं मशीन लागते. ते असतं तं प्लेट कायले लागली असती?”

चाचा दारात उभे राहून ऐकत होते. मला काय करायचंय ते मी त्यांना सांगितलं. पत्र्याची लांब बारीक पट्टी घ्यायची. तिच्यावर कंपासनं एकसारख्या त्रेपन्न खुणा करायच्या. मग ती पट्टी गुंडाळून टोकाला टोक भिडेल एवढ्याच मापाची गोल चकती कातायची, पट्टी तिच्यावर चढवायची आणि खुणेसमोर भोकं पाडायची.

“भोकं वाकडीतिकडी येतीन,” बाबा म्हणाले.

“येऊ द्या. हँडलचे चाळीस फेरे झाले का जॉबचा एक फेरा होते ना?”

“हो.”

“तं भोकातली चूक जॉबवर किती उतरन? चाळीसावा हिस्सा. तुमीच तं दाखवलं होतं, मोठं फिरवलं का लहान पळते. आपन दुसऱ्या बाजूनं उभे राहू. आपली चूक मोठी असू द्या, गिअर तिले लहान करन.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यानं त्यांना काही जास्त दिसणार नव्हतं. “हे मले कोनी सांगतलं नवतं,” म्हणाले. पण मग लगेच, “तरी चोपन्नच हाय.”

शेठजींना मी फोन केला. मी त्रेपन्न करणार आहे, असं सांगितलं. ते चिडले. “ताई, तुमचे वडील चोपन्न म्हणतात, माझा फिटर चोपन्न म्हणतो. तुम्ही कॉलेजच्या बाई. चुकला तर मी घेणार नाही. आणि माझे दोन दिवस जातील ते वेगळेच.”

“चुकला तर माझ्या दारात टाकून जा. मला मंजूर आहे.”

चाचांनी विचारलं, “बेटा, ब्लँक कोनाचा कातू? तुहा का त्यायचा?” एकदा ब्लँक, म्हणजे दाते पाडायच्या आधीची चकती, त्रेपन्नाच्या मापानं कातली की चोपन्न त्यात होणार नव्हते. बाबा माझ्याकडं पाहत नव्हते. मी म्हटलं, “माहा.” वडिलांना चूक ठरवणं काय असतं ते त्या एका शब्दात मला कळलं.  पण शब्द मागं घेतला नाही.

प्लेट करायला एक दिवस गेला. पट्टी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टोकं भिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कटर फिरू लागला. दर दात्याला चाळीस भोकं पुढं, पिन आत, आणि कटर लोखंडात. बिडाची काळी भुकटी नाकातोंडात जात होती. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. मदत करत नव्हते आणि उठतही नव्हते. अठ्ठाविसाव्या दात्याला लाइट गेली. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. मी हँडलवरचा हात काढला नाही. कोणाचा धक्का लागू नये म्हणून तासभर तिथंच उभी राहिले. चाचांनी बाटलीतलं पाणी आणून माझ्या तोंडाला लावलं.

लाइट आली, पुन्हा सुरू. दुपारी उशिरा बावन्न झाले. उरलेली जागा डोळ्यांनी पाहून कळत नाही. शेवटचा कटर जाईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. आकडा चुकला असता तर शेवटचा दाता एकतर पापडासारखा पातळ राहिला असता नाहीतर दुप्पट जाड. मी चाळीस भोकं मोजली. पुन्हा मोजली. पिन टाकली. कटर गेला, बाहेर आला.

बाबा उठले. अजून गरम असलेल्या गिअरवर त्यांनी बोट ठेवलं. शेवटचा दाता, त्याच्या शेजारचा पहिला, मग दुसरा. मग अख्खा गिअर, सावकाश, ओठ हलवत. मी भिंतीला टेकून उभी होते.

“सारखे हायेत,” ते म्हणाले. किती आहेत ते म्हणाले नाहीत.

मिलमध्ये गिअर बसवताना ते आले होते. फिटरनं बेअरिंगचे बोल्ट ढिले करून ठेवले होते, सरकवावं लागेल म्हणून. सरकवावं लागलं नाही. गिअर आपल्या जागी बसला. हातानं फिरवला, फिरला. पट्टा चढवला, स्विच टाकला. आम्ही सगळे कान देऊन उभे. दाते एकमेकांत बसले नाहीत तर आवाज सांगतो. इथं फक्त रोलरची घरघर होती आणि तुरीचा वास. शेठजी म्हणाले, “बरं झालं.” एवढंच. पण आठवड्यानं त्यांनी पिनियनही आमच्याकडंच पाठवली, आणि त्यांच्या शेजारच्या दोन मिलवाल्यांनीही कामं पाठवली.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, “ते मोतीबिंदूचं कोठी करतात ते विचारून ये.” मी दुसऱ्याच दिवशी विचारून आले. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. त्यानंतर ते आणखी चार वर्षं दुकानात बसले आणि माझ्या प्रत्येक जॉबमध्ये खोट काढत राहिले. आता दिसतही होतं त्यांना, त्यामुळे जास्तच.

कामं वाढली तशी एक-एक दाता कापणं पुरेना. सगळे दाते सलग पाडणारं हॉबिंग मशीन हवं होतं. बँकेत गेले. बाबा माझ्यासोबत होते. समोरचे साहेब पंधरा मिनिटं बाबांशीच बोलले. बाबा दर प्रश्नाला माझ्याकडं बोट दाखवायचे आणि साहेब पुढचा प्रश्न पुन्हा बाबांनाच विचारायचे. शेवटी ते मला म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर तर कर्जच नाही. तुमचं गिअरिंग फार कमी आहे. गिअरिंग म्हणजे काय, सांगतो. जुनं मशीन कशाला घेता? नवं मोठं घ्या, एमआयडीसीत शेड घ्या, सगळं बसवून देऊ.”

मी त्यांना सांगू दिलं. पूर्ण ऐकलं. मग म्हटलं, “साहेब, माझ्या मिल वर्षातून पाच महिने चालतात. हप्ता बारा महिने चालेल. तूर कमी आली की माझं मोठं चाक जरासं मागं येईल. लहान चाक किती मागं जाईल, ते काढून दाखवू?” त्यांच्याच कागदाच्या मागं मी काढून दाखवलं. हिशेब त्यांना पटला की नाही माहीत नाही. “मग एवढ्याशा रकमेची फाइल कोण करणार?” असं ते म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही.” तीन चकरा मारल्या, पण केली त्यांनी. मी जुनं, वापरलेलं हॉबिंग मशीन घेतलं.

इथं मी शहाणी ठरले असं लिहून मोकळी होऊ शकते. पण तसं झालं नाही. पुढचे दोन हंगाम उत्तम गेले. कामं दारात येऊन परत जात होती, कारण माझं मशीन लहान होतं. ज्यानं मोठं कर्ज काढलं होतं अशा एका कारखानदारानं ती सगळी घेतली. लोक तोंडावर म्हणायचे, भिऊन राहिली. मी भ्याले नव्हते. माझा अंदाज चुकला होता. या दोन गोष्टींतला फरक मला माहीत आहे आणि तो कोणाला समजावत बसायची मला गरज वाटली नाही.

बाबा गेले ते हिवाळ्यात, झोपेत. चाचांनी लेथ विकून टाकली. त्यांचे हात आता थरथरतात, पण सकाळी येऊन दुकानात पेपर वाचतात.

आता मी बावन्न वर्षांची आहे, आणि या वर्षी मी नव्या, मोठ्या हॉबिंग मशीनसाठी मोठं कर्ज काढलं. मधल्या वर्षांत जिनिंगची कामं धामणगावपासून येऊ लागली, साखर कारखान्यांची येऊ लागली. आता चाक वर्षभर फिरतं. आणि मागच्या हंगामांतलं मी बाजूला ठेवलेलं एवढं आहे की वर्षभर एकही दाता कापला नाही तरी हप्ता जाईल. बँकेत आता नवे साहेब आहेत, तरुण. म्हणाले, “मॅडम, या वयात? घरी विचारलं का?”

“घरी मीच असते,” मी म्हटलं. “विचारलं. ती हो म्हणाली.”

ते हसले नाहीत. मी सही केली.

नातेवाईक म्हणाले, आयुष्यभर कर्ज न काढलेल्या माणसाची पोरगी तू. ते खरं आहे. बाबा असते तर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं असतं. मग चौथ्या दिवशी मशीनच्या पुस्तकातले फोटो पाहायला मागितले असते.

मशीन आलं तेव्हा नवाच घोळ. ट्रेलर गल्लीत शिरेना. ड्रायव्हर म्हणाला, जुन्या शहरात असलं मशीन कोण आणतं, एमआयडीसीत टाका. शेजारी म्हणाले, बाई, परत पाठवा. मी गवंडी बोलावला. दुकानाची पुढची भिंत पाडायला लावली, दार, चौकट, सगळी. मशीन चौकात क्रेननं उतरवलं आणि लोखंडी पाइपांवर ठेवून ढकलत आणायचं ठरवलं. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढं टाकायचा. आठ माणसं लावली होती. मग गल्लीतली आणखी सहा-सात आपणहून लागली. भाजीवालीनं हातगाडी मागं घेतली. एका घराचा ओटा आड आला, तर घरवाला म्हणाला, “फोडा, नंतर बांधून द्या.” चाचा पुढं उभे राहून हात वर करून सांगत होते, “बाएं, बाएं, अरे बाएं!”

संध्याकाळच्या आत ते आत गेलं. पुढं भिंत नव्हती, म्हणून दोन रात्री ताडपत्री बांधली. तिसऱ्या दिवशी वीज जोडली आणि पहिला जॉब लावला.